छंदार्थ मासेमारीचा परवाना : स्वरूप, पद्धती आणि प्रयोजन

नदीच्या काठी गळ टाकून बसलेला मनुष्य हा विधी व लोकप्रशासन यांच्या अभ्यासाचा विषय होऊ शकेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. त्याच्याजवळ एक काठी, काही हात दोरा आणि थोडेसे आमिष एवढीच सामग्री असते. त्याला त्या माशांवर पोट भरावयाचे नसते व बाजारात मालही न्यावयाचा नसतो. तथापि जगातील अनेक देशांत या मनुष्याने गळ पाण्यात सोडण्यापूर्वी शासनाकडून परवाना घेतला पाहिजे, असा कायदा आहे. तो न घेतल्यास त्याच्यावर खटला भरला जाऊ शकतो. निर्वाहासाठी जाळे टाकणाऱ्यावर निर्बंध असावेत हे समजण्यासारखे आहे, कारण एका जाळ्यात पुष्कळ मासे येतात. परंतु विरंगुळ्यासाठी दोनचार मासे धरणाऱ्यावर, किंबहुना धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देणाऱ्यावरही, हे बंधन का असावे? या परवान्याने त्याच्या पदरात नेमके काय पडते? आणि परवाना देणारे शासन स्वतःवर कोणती जबाबदारी घेते?

या प्रश्नांचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम परवान्याचे कायदेशीर स्वरूप पाहून नंतर इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथील पद्धतींचा परामर्श घेतला आहे आणि शेवटी भारतातील स्थितीचा विचार केला आहे. लेखातील प्रतिपादनाचा सारांश आरंभीच सांगावयाचा तर असा : मासेमारीचा परवाना हा पाण्यावरचा हक्क नव्हे आणि माशावरचाही नव्हे; कोणा एकाच्या मालकीचा नसलेल्या जिवंत साठ्याचा हिशेब ठेवण्याचे ते एक साधन आहे. ज्या परवान्यामागे असा हिशेब नाही, तो परवाना नावाचा एक किरकोळ कर होय.

१. अनुज्ञा आणि हक्क

परवाना किंवा अनुज्ञा म्हणजे काय, याचे अभिजात विवेचन इंग्लंडमधील 'टॉमस विरुद्ध सॉरेल' या १६७३ च्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी केले आहे. त्यांच्या मते अनुज्ञेमुळे मालमत्तेतील कोणताही हितसंबंध एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. जे कृत्य एरव्ही बेकायदा ठरले असते ते केवळ कायदेशीर होते. यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण आपल्या विषयाला फार जवळचे आहे. एखाद्याने आपल्या रानात शिकार करण्याची आणि मारलेले हरिण घेऊन जाण्याची मुभा दिली, तर त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिकारीच्या कृत्यापुरती ती अनुज्ञा होय. हरिण नेण्यापुरते मात्र ते दान, म्हणजे मालकीचे हस्तांतर होय. हरिणाच्या जागी मासा ठेवला की आपला प्रश्न उभा राहतो.

भारतीय कायद्यात हीच कल्पना १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात आली आहे. दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर, एरव्ही बेकायदा ठरेल असे काही करण्याची मुभा म्हणजे अनुज्ञा. तिने त्या मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही आणि काही अपवाद सोडता देणारा ती परत घेऊ शकतो. मासे धरून नेण्याचा हक्क मात्र या व्याख्येत मावत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 'आनंद बेहरा विरुद्ध ओरिसा राज्य' या खटल्यात १९५५ साली स्पष्ट केले. चिल्का सरोवराच्या काही भागांत पुढील काळात मासे धरण्याचा हक्क अर्जदारांनी जमीनदाराकडून तोंडी करारावर विकत घेतला होता. दरम्यान जमीनदारी राज्याकडे निहित झाली आणि राज्याने तो हक्क मानण्यास नकार दिला. न्यायालयाने असे ठरविले की, हा व्यवहार म्हणजे पाण्यावर जाण्याची अनुज्ञा आणि त्यासोबत मासे धरून नेण्याचे दान होय. असा परभूमीतून उत्पन्न नेण्याचा हक्क भारतात स्थावर मालमत्तेत मोडतो. म्हणून शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या व्यवहारास नोंदणीकृत दस्तऐवज आवश्यक होता. तो नसल्यामुळे अर्जदारांना हक्क प्राप्त झालाच नाही.

या दोन निर्णयांवरून एक गोष्ट ध्यानात येते. गळ टाकणाऱ्यासमोर तीन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिला, या पाण्यावर मासे धरू देण्याचा अधिकार कोणाचा? दुसरा, मासे धरण्याच्या कृत्यास शासनाची संमती आहे काय? तिसरा, धरलेला मासा कोणाचा? पहिल्याचे उत्तर पाण्याचा स्वामी अथवा पट्टेदार देतो. दुसऱ्याचे उत्तर परवाना देतो. तिसऱ्याचे उत्तर या दोहोंच्या शर्तींवर अवलंबून असते; कारण वाहत्या पाण्यातील मासा हाती येईपर्यंत सामान्यतः कोणाचाच नसतो. सर्वसामान्य मनुष्य परवाना मिळाला म्हणजे तिन्ही प्रश्न सुटले असे समजतो, आणि बहुतेक तंटे येथूनच निघतात.

२. प्राचीन भारतीय दाखले

या तीन प्रश्नांची जाण आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाच्या प्रकरणात कोळ्यांनी उत्पन्नाचा सहावा भाग नौकेचे भाडे म्हणून द्यावा असे सांगितले आहे. येथे राजाची दृष्टी महसुलाची आहे. त्याच ग्रंथात सूनाध्यक्षाच्या प्रकरणात, ज्या पशुपक्ष्यांस व माशांस अभय दिले आहे त्यांना धरणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास जबर दंड सांगितला आहे. येथे दृष्टी संरक्षणाची आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. तिचा हेतू धार्मिक असला तरी आजच्या बंदीकाळाशी तिचे साम्य उघड आहे.

छंद म्हणून केलेल्या मासेमारीचे सविस्तर वर्णन मात्र बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मिळते. त्यातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांची आमिषे, काठी व दोर यांचा विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे १९५१ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. हा विनोद राजाचा असल्यामुळे त्यात परवान्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, हे सांगणे नकोच. राजाचा विनोद जेव्हा सर्वसामान्य नागरिकाचा विरंगुळा झाला, तेव्हाच परवान्याची आवश्यकता निर्माण झाली. हे स्थित्यंतर सर्वांत स्पष्टपणे इंग्लंडच्या इतिहासात दिसते.

३. इंग्लंड : मालकाची संमती आणि शासनाचा परवाना

१२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या ३३ व्या कलमाने टेम्स, मेडवे व इतर नद्यांतील मासे अडविण्याचे बांध काढून टाकण्याची आज्ञा दिली. मूळ हेतू नौकानयनाचा मार्ग मोकळा करण्याचा असला, तरी पुढे विधिज्ञांनी या सनदेचा आधार घेऊन असा सिद्धांत मांडला की, भरतीओहोटीच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क सर्व जनतेचा असून राजाला तेथे नवे खाजगी मत्स्याधिकार निर्माण करता येत नाहीत. 'माल्कमसन विरुद्ध ओडे' या १८६३ च्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनेही हा सिद्धांत मान्य केला. भरतीच्या रेषेवरील गोड्या पाण्यात मात्र असा सार्वजनिक हक्क नाही. तेथे काठाचा मालक सामान्यतः प्रवाहाच्या मध्यापर्यंतच्या मत्स्याधिकाराचा धनी असतो. नदीतून नाव नेण्याची सर्वांना मोकळीक असली, तरी तेवढ्याने गळ टाकण्याची मोकळीक मिळत नाही.

म्हणजे इंग्लंडमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच ठरले होते. दुसरा प्रश्न उपस्थित झाला तो एकोणिसाव्या शतकात. गिरण्यांचे बांध आणि कारखान्यांची घाण यांमुळे सामन माशांचे नद्यांत चढणे थांबू लागले. समुद्रातून नदीत येऊन अंडी घालणाऱ्या या माशाचा मार्ग अनेक मालकांच्या हद्दींतून जातो. म्हणून एकट्या मालकाने कितीही काळजी घेतली तरी ती व्यर्थ. १८६१ च्या सामन अधिनियमाने निरीक्षक नेमले आणि १८६५ च्या अधिनियमाने संरक्षक मंडळे स्थापून काठी व जाळे यांवर परवानाशुल्क बसविले. या शुल्कातून रखवालदारांचा खर्च भागावा, अशी योजना होती. १८७८ मध्ये इतर गोड्या पाण्यातील माशांसाठी विणीच्या काळातील बंदी आली. पुढे मंडळांची जागा अनुक्रमे नदीमंडळे, नदीप्राधिकरणे व जलप्राधिकरणे यांनी घेतली. प्रदेशागणिक वेगळे असलेले परवाने १९९२ मध्ये एक होऊन संपूर्ण इंग्लंड व वेल्ससाठी एकच काठीपरवाना सुरू झाला. १९९६ पासून तो पर्यावरण अभिकरणाकडे आहे. वेल्सचा कारभार २०१३ मध्ये वेगळ्या संस्थेकडे गेला. आजचा मूळ कायदा १९७५ चा सामन व गोडे पाणी मत्स्य अधिनियम हा आहे.

हा परवाना मिळविणे अतिशय सोपे आहे. अर्जदाराने आपले नाव, पत्ता व जन्मतारीख सांगावयाची, कोणत्या माशांसाठी व किती काठ्यांसाठी परवाना हवा ते निवडावयाचे आणि शुल्क भरावयाचे. ट्राउट व इतर गोड्या पाण्यातील मासे यांसाठी एक वर्ग असून त्यात दोन काठ्यांपर्यंतचा आणि तीन काठ्यांपर्यंतचा असे भेद आहेत. सामन व समुद्रगामी ट्राउट यांचा वर्ग निराळा आहे. मुदत एक दिवस, आठ दिवस किंवा बारा महिने अशी असते. वृद्धांना व अपंगांना शुल्कात सवलत मिळते. तेरा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. तेरा ते सोळा या वयाच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, पण काढावा मात्र लागतोच. परवान्याविना गळ टाकल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नदीरक्षकांना या कायद्याच्या अंमलबजावणीपुरते पोलीस शिपायाचे अधिकार आहेत.

या नियमांतील दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. शुल्क नसतानाही मुलांना परवाना का काढावयास लावावा? परवाना हे केवळ पैसा गोळा करण्याचे साधन असते, तर या नियमास अर्थ उरला नसता. गळ टाकणारे किती आहेत व कोण आहेत हे कळावे, हाच त्यातील उघड लाभ आहे. दुसरी गोष्ट सामनच्या परवान्याची. तो घेणाऱ्याने हंगामाअखेर आपण किती मासे धरले याचे विवरण पाठविलेच पाहिजे. एकही मासा मिळाला नाही, किंबहुना एकदाही नदीवर जाणे झाले नाही, तरी तसे कळविले पाहिजे. शून्याचीही नोंद घेणारी ही पद्धत परवान्याचे खरे प्रयोजन दाखविते.

इतके असूनही परवान्याच्या कागदाने काठावर पाय ठेवण्याची मुभा मिळत नाही. मालकाची किंवा त्या पाण्याचा पट्टा घेतलेल्या मंडळाची संमती वेगळी घ्यावी लागते. ती न घेता मासे धरणे हा १९६८ च्या चोरीविषयक अधिनियमाखाली निराळा अपराध आहे. मौज अशी की, दिवसाउजेडी गळाने मासे धरणाऱ्यास त्याच कायद्यात सौम्य शिक्षा आहे. रात्री जाळे लावणारा आणि दुपारी गळ टाकणारा यांत विधिमंडळाने केलेला हा भेद छंदाला दिलेली एक मूक मान्यताच म्हणावी लागेल. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये याउलट स्थिती आहे : सीमेवरील एस्क नदीचा अपवाद वगळता तेथे काठीपरवाना नाही, आणि सारा भर मालकाच्या लेखी संमतीवर आहे.

४. जर्मनी : ज्ञानाची अट

इंग्लंडमध्ये परवाना पैसे भरताच मिळतो. जर्मनीत तो परीक्षेनंतर मिळतो. तेथे हा विषय घटकराज्यांकडे असून बहुतेक राज्यांत परवान्यापूर्वी मासेमारीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. माशांच्या जाती व त्यांची शरीररचना, पाण्याचे गुणधर्म, साधनांचा उपयोग, कायदा, आणि धरलेल्या माशास कमीत कमी यातना देऊन कसे मारावे, हे तिचे विषय असतात. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास शासनाचा परवाना मिळतो. त्याखेरीज विशिष्ट पाण्याचे संमतीपत्र त्या पाण्याच्या हक्कदाराकडून घ्यावे लागतेच. दुसऱ्याच्या मत्स्याधिकाराचा भंग करून मासे धरणे हा दंडसंहितेच्या २९३ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

या पद्धतीमागे प्राण्यांविषयीची एक विशिष्ट भूमिका आहे. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्याप्रमाणे वाजवी कारणाशिवाय कोणत्याही प्राण्यास वेदना देता येत नाहीत. मासा खाण्यासाठी धरणे हे वाजवी कारण मानले जाते. पण केवळ खेळ म्हणून धरून सोडून देणे या कसोटीस उतरते की नाही, याविषयी तेथे तीव्र आक्षेप आहे. धरून सोडणे ही इंग्लंड-अमेरिकेत सद्वर्तनाची खूण समजली जाते, तर जर्मनीत तीच गोष्ट कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरते. एकाच कृत्याविषयीचे हे दोन निर्णय पाहिले म्हणजे परवान्याच्या शर्ती केवळ तांत्रिक नसतात, त्यांत त्या समाजाची नीतिदृष्टीही उतरलेली असते, याची प्रचीती येते.

५. अमेरिका : पैशाची वाट

अमेरिकेत परवाने राज्ये देतात. रहिवाशास शुल्क कमी व परराज्यातील पाहुण्यास अधिक, हा तेथील सर्वसाधारण परिपाठ आहे. या अधिकाराच्या मुळाशी, वन्यप्राणी व मासे राज्यातील जनतेच्या मालकीचे असून राज्य हे त्यांचे विश्वस्त आहे, अशी कल्पना होती. ती शब्दशः घेता येणार नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा' या १९७९ च्या खटल्यात सांगितले. राज्याच्या ओढ्यांत धरलेली लहान मासळी विक्रीसाठी राज्याबाहेर नेण्यास बंदी करणारा कायदा या खटल्यात रद्द झाला. राज्य माशांचे मालक नाही. त्यांच्या रक्षणाचा अधिकार त्यास आहे, पण तो त्याने भेदभाव न करता वापरला पाहिजे, असा या निर्णयाचा आशय आहे.

प्रशासनाच्या अभ्यासकास अमेरिकेतील खरा धडा मिळतो तो वित्तव्यवस्थेत. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन अधिनियमानुसार गळ, काठ्या इत्यादी साधनांवर उत्पादकांकडून उत्पादनशुल्क घेतले जाते आणि ती रक्कम मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांत वाटली जाते. वाटपाचे सूत्र असे : ६० टक्के भाग राज्यातील शुल्क भरलेल्या परवानाधारकांच्या संख्येनुसार, ४० टक्के भाग राज्याच्या भूमी व जलक्षेत्रानुसार, मात्र कोणत्याही एका राज्यास ५ टक्क्यांहून अधिक किंवा १ टक्क्याहून कमी हिस्सा मिळत नाही. परवान्यांचे उत्पन्न मत्स्य व वन्यजीव खात्याव्यतिरिक्त अन्य कामाकडे वळवणार नाही, असा कायदा राज्याने केल्याशिवाय हे अनुदान मिळत नाही. १९८४ मध्ये या निधीत नौकांच्या इंधनावरील कराचीही भर पडली.

येथे परवान्याचे कार्य पालटते. प्रत्येक परवान्यामुळे राज्याच्या वाट्यात थोडी वाढ होते, आणि राज्यास परवानाधारकांची अचूक गणना करणे भाग पडते. शुल्क देणाऱ्यास आपला पैसा पुन्हा नदीकडेच जाणार याची शाश्वती असल्याने तो ते फारशी कुरकुर न करता देतो. दोष एवढाच की, पैसा गळवाल्यांकडून येत असल्यामुळे खात्याची नजर गळवाल्यांच्या आवडत्या माशांवर खिळते. ज्या माशाला कोणी गळ लावत नाही, त्याला वाली उरत नाही. हा दोष केवळ तात्त्विक नाही, हे पुढे कावेरीच्या उदाहरणात दिसून येईल.

६. भारत : अधिनियम आणि परिपाठ

भारतातील मत्स्यविषयक कायद्याचा पाया १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम हा आहे. त्यापूर्वी फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यसंपत्तीचा अहवाल सादर करून बारीक जाळी व अटकावाचे बांध यांनी होणाऱ्या नाशाकडे सरकारचे लक्ष वेधले होते. त्याच वर्षी मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस यांचे भारतातील गळमासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. या अधिनियमाने पाण्यात स्फोटके वापरण्यास व विष कालवण्यास बंदी केली आणि जाळ्याची वीण, बांध व बंदी यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. त्यातील एक स्पष्टीकरण लक्षणीय आहे : इतरांना रूढीने मासे धरण्याचा हक्क असला, तरी तेवढ्यामुळे एखादे पाणी 'खाजगी' असण्याचे थांबत नाही. म्हणजे खाजगी मालकी आणि गावकऱ्यांचा परंपरागत हक्क एकाच पाण्यावर एकत्र नांदू शकतात, हे विधिमंडळाने तेव्हाच गृहीत धरले होते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत २१ व्या क्रमांकावर आहे. प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी तेवढी संघसूचीत ५७ व्या क्रमांकावर येते. म्हणून छंदार्थ मासेमारीच्या परवान्याचा असा एकच अखिल भारतीय कायदा नाही. ज्या राज्यातील नदी, त्या राज्याचे नियम.

परवान्याची रुळलेली पद्धत हिमालयीन राज्यांत आढळते, आणि तिचा संबंध एका परक्या माशाशी आहे. तपकिरी ट्राउट हा युरोपातील मासा. तो काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि कुलूच्या खोऱ्यात १९०९ मध्ये आणला गेला. हिमाचल प्रदेशात आज १९७६ चा मत्स्यव्यवसाय अधिनियम व त्याखालील नियम लागू आहेत. बियास, तीर्थन, ऊहल यांसारख्या नद्यांवर गळ टाकू इच्छिणाऱ्याने मत्स्यव्यवसाय विभागाकडून परवाना घ्यावा लागतो. ट्राउटच्या पाण्यात गळ-काठीखेरीज अन्य साधन चालत नाही. किती व केवढे मासे न्यावेत यास मर्यादा असते. आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, म्हणजे विणीच्या काळात, ट्राउटची मासेमारी बंद असते. काश्मीरमध्ये नदीचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर ठरावीक काठ्यांनाच अनुमती देण्याची पद्धत आहे. नदीच्या शक्तीप्रमाणे काठ्यांची संख्या ठरविणारा हा विचार मुळात योग्य आहे.

सपाटीवरील राज्यांत चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ तलाव व जलाशय यांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. तेथे पाण्यात बीज सोडण्याचा खर्च संस्था करते आणि उत्पन्नही तिचे असते. अशा तलावाच्या काठी सुटीच्या दिवशी गळ टाकून बसणारा शहरी हौशी मनुष्य पाणी सरकारचे, म्हणून आपलेही, असे समजत असेल. पण वर सांगितलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथे त्या संस्थेकडे आहे. भोई व कोळी कुटुंबांच्या उपजीविकेवर आपला विरंगुळा उभा आहे, ही जाणीव त्यास करून देणे हेही परवानापद्धतीचे एक काम असले पाहिजे.

७. कावेरी : नोंदवहीचे मोल

परवाना, बंदी आणि हिशेब यांचा संबंध किती जिव्हाळ्याचा आहे, हे कावेरीतील महसीराच्या उदाहरणावरून कळते. या नदीतील कुबडा महसीर गळवाल्यांत जगप्रसिद्ध होता. १९४६ साली तिची उपनदी कबिनी हिच्यात १२० पौंडांचा महसीर धरला गेल्याची नोंद आहे. पुढे नदीच्या काही टप्प्यांवर धरलेला मासा सोडून द्यावयाचा या अटीवर गळमासेमारीच्या छावण्या चालू झाल्या. तेथे स्थानिक तरुणांना रखवालदार व वाटाडे म्हणून काम मिळाले, आणि त्यांच्या पहाऱ्यामुळे स्फोटकांनी मासे मारण्यास आळा बसला. याच काळात नदीत मासे वाढावेत म्हणून निळ्या परांच्या महसीराचे बीज सोडले गेले. ही जात दख्खनची आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. आणि तिचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्यात लोणावळ्याचे टाटा यांचे केंद्र अग्रेसर होते.

गालिबोरे येथील छावणीत प्रत्येक गळवाल्याने किती तास गळ टाकला, किती मासे मिळाले, त्यांची जात व वजन काय, याची वही ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसले की, दर तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. वरवर पाहता नदी सुधारत होती. पण जातवार आकडे वेगळे काढताच असे आढळले की, वाढ निळ्या परांच्या महसीराची होती; नदीचा मूळ रहिवासी कुबडा महसीर झपाट्याने नाहीसा होत होता. या माशाचे शास्त्रीय नावही तोपर्यंत निश्चित नव्हते. २०१८ मध्ये संशोधकांनी, केरळातील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णिलेली 'टोर रेमादेवी' ही जात तीच असल्याचे दाखविले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

दरम्यान छावण्यांचे हे टप्पे अभयारण्यात असल्याने, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या आधारे तेथील गळमासेमारी बंद करण्यात आली. संरक्षित वनात छंदासाठी प्राण्यास त्रास देऊ नये, हे तत्त्व कोणालाही पटेल. तथापि मासेमारीबरोबर वहीही बंद झाली, आणि काठावरील पहाराही उठला. बंदी योग्य की परवाना योग्य, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच : एका जातीचा ऱ्हास कोणत्याही सरकारी पाहणीत नव्हे, तर हौशी गळवाल्यांच्या वहीत प्रथम दिसला, आणि ज्या जातीने तिची जागा घेतली, ती माशांची संख्या वाढविण्याच्या सद्हेतूनेच तेथे आणली गेली होती.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून परवान्याच्या कोणत्याही योजनेस लावता येतील अशा चार कसोट्या निघतात. पहिली, मालकाचा, पट्टेदाराचा व रूढीचा हक्क परवान्याहून वेगळा आहे, हे परवान्यावरच स्पष्ट लिहिलेले आहे काय? दुसरी, परवाना घेणाऱ्यास माशांच्या जाती, बंदीकाळ व माशास हाताळण्याची रीत यांचे किमान ज्ञान आहे काय? तिसरी, शुल्काचा पैसा नदीकडे परत जातो काय, आणि तो गळवाल्यांच्या आवडत्या माशाबरोबर इतर माशांच्याही कामी येतो काय? चौथी, धरलेल्या व सोडलेल्या, किंबहुना न मिळालेल्या माशांची जातवार नोंद होते काय, आणि ती कोणी वाचतो काय?

इंग्लंडची पद्धत पहिल्या व चौथ्या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते, जर्मनीची दुसऱ्या आणि अमेरिकेची तिसऱ्या. आपल्या राज्यांतील योजना बहुधा शुल्क व बंदीकाळ येथवर येऊन थांबतात. त्यांत परीक्षेची भर घालणे कदाचित जड जाईल. परंतु परवान्याच्या मागील बाजूस एक छोटा तक्ता छापून तो भरून परत देण्याची अट घालणे मुळीच अवघड नाही. कोणत्या नद्यांवर ही अट घालावी, भरून आलेले तक्ते कोणत्या संस्थेने अभ्यासावेत, आणि ठेक्याच्या तलावांवर सहकारी संस्थांना त्यात कोणते स्थान द्यावे, हे प्रश्न विधी, प्राणिशास्त्र व लोकप्रशासन या तिन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकत्र बसून हाताळावेत असे आहेत. जिल्ह्यातील एखादा जलाशय निवडून त्यावरील ठेक्याची कागदपत्रे, संस्थेच्या वह्या आणि काठावर येणारे हौशी लोक यांची एका वर्षाची पाहणी केली, तरी तेथील पाण्यात कोणते मासे उरले आहेत आणि कोणते नाहीसे होत आहेत, याचा पहिला विश्वसनीय लेखा तयार होऊ शकेल.